राहिलेला डावा पाय

सिस्टर सिरिला माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. आधी पायांकडे बघतात, आणि पायांत काही सापडलं तर तोंडापर्यंत पोचतच नाहीत. मी मिशी उतरवली हे त्यांना कित्येक महिन्यांनी कळलं, तेही कुणीतरी सांगितलं म्हणून. चप्पल बदलली तर मात्र त्याच सकाळी हटकणार, "मास्तर, ही खंयसून हाडलंस? करंगळी सोलतली तुजी." आणि करंगळी सोलते.

आमच्या वाडीतली पोरं त्यांना लांबून ओळखतात. पांढरा झगा किनाऱ्यावर दिसला, की असतील तिथं फतकल मारतात आणि घोट्यापर्यंत पाय वाळूत पुरतात. पर्यटक हा काहीतरी स्थानिक खेळ समजून फोटो काढतात. सिस्टर शांतपणे वाळू उपसतात, एक पाय बाहेर ओढतात, नेहमी डावा, तो दोन गुडघ्यांत दाबून धरतात आणि खांद्यावरची पिन काढतात. ही मोठी सेफ्टी पिन त्यांच्या झग्यावर कायम लावलेली असते. क्रूसही असतो, पण तो आत. कालवाची शिंप, माशाचा काटा, बागेतलं कुसळ, काहीही त्या पिनेपुढे टिकत नाही. पोर बोंबलत असतं आणि सिस्टर म्हणत असतात, "रड, रड. रडलंस काय पाय हलणा नाय." हे शास्त्र कुठलं, ते मी विचारलेलं नाही.

मी निवृत्त शिक्षक. मराठी शिकवायचो. चॅपेलच्या मागे चिऱ्याचं छोटं कॉन्व्हेंट आहे, त्यात तीन म्हाताऱ्या सिस्टर राहतात. त्यांच्या आणि माझ्या अंगणात फक्त एक गडगा, कमरेएवढी दगडी भिंत. माझा देवाशी फारसा संबंध नाही आणि देवाच्या माणसांशी त्याहून कमी. पण सिस्टर सिरिलांशी जमलं, कारण त्या देवाचं नाव क्वचितच काढतात.

एकदा निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार आमच्या वाडीत आले. निवडून येईपर्यंत पायात काही घालणार नाही, असा त्यांनी नवस केला होता आणि त्याची पोस्टरंही लावली होती. चॅपेलच्या पायरीवर ते हात जोडून उभे राहिले. सिस्टर वाकल्या. कार्यकर्त्यांना वाटलं, म्हातारी पाया पडते. एकाने मोबाइल वर केला. सिस्टरांनी साहेबांचा डावा पाय घोट्याला धरून उचलला, टाच बघितली आणि परत खाली ठेवला.

"लोण्यासारकी आसा," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "हो मेलो गाडयेत बूट घालता."

साहेब हसले. निवडूनही आले.

सिस्टरांनी उमेदीची सगळी वर्षं टांझानियात काढली. मिशनची शाळा, आणि शाळेला लागून अनाथ पोरांचं वसतिगृह. तिथल्या कोरड्या मातीत एक पिसू असते. ती अनवाणी पायात, नखाखाली शिरते आणि तिथंच अंडी घेऊन वाटाण्याएवढी फुगते. एकेका पायात अशा पंधरा-वीस. पोराला बोटं टेकवत नाहीत, मग ते टाचांवर चालतं, आणि पुढे चालतच नाही. चालत नाही म्हणजे शाळेत येत नाही. शाळेत येत नाही म्हणजे जेवत नाही, कारण जेवण शाळेतच. या पिसवा एकेक करून पिनेने काढायच्या, हे काम सिस्टर सिरिलांचं. आधी पाय धुवायचे, मग काढायच्या, मग औषध लावायचं. पोरं पुन्हा अनवाणी बाहेर जाणार, त्यामुळे पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून.

वाडीतला एकजण त्यांना तोंडावर विचारायचा, "सिस्टर, किती बाटवलात थंय?" खरं तर प्रश्न माझाही होता, मी तो जरा सभ्य शब्दांत विचारला असता, इतकंच. सिस्टर चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "पाण्याचा काम फादरचा. माका पिनेचा दिलेला."

त्या मिशनच्या मुख्य होत्या युरोपातल्या सिस्टर हिल्डा. पोर पिनेखालून सुटून रडत बाहेर आलं, की दारात सिस्टर हिल्डा गोळ्यांची बरणी घेऊन उभ्या. एक गोळी, एक पापा. वर्गणी देणाऱ्यांना जे फोटो जायचे त्यांत हिल्डाबाईंच्या मांडीवर पोरं, खांद्यावर पोरं, आणि सगळ्यांच्या गालात गोळी. असा एक फोटो सिस्टर सिरिलांकडे आहे. मला त्यांनी तो कौतुकाने दाखवला.

"माजो पण फोटो आसा हयसर."

"खंय, सिस्टर?"

फोटोच्या अगदी कडेला, चौकटीने कापलेलं, एक सावळं कोपर होतं.

"ह्या कोपर माजा," त्या म्हणाल्या. "खाली बराकाचो पाय होतो. तो इलो नाय फोटोत."

बराका हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. नंतर पुष्कळदा ऐकलं. आई-बाप नाहीत, आजी आंधळी, वय दहाच्या आसपास. वसतिगृहात आला तेव्हा दोन्ही पायांची बोटं फणसाच्या सालीसारखी झालेली. दोन्ही पाय एकदम साफ करता येत नाहीत, पोराला उभं राहायला एक तरी लागतो. म्हणून सिस्टरांनी आधी उजवा घेतला. तो होत आला आणि वरून हुकूम आला. मिशन दुसऱ्यांच्या ताब्यात जाणार, सिस्टर सिरिलांनी भारतात परतावं.

"मिया सांगलंय, आठ दिस देवा. एक पाय रवलो हा."

"मगे?"

"मगे काय? आज्ञेचा व्रत घेतलेला. गाडी इली, बसलंय."

इथं आल्यावर त्यांनी तिकडे पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही. नव्या लोकांना डाव्या पायाबद्दलची पत्रं वाचून काय वाटलं असेल, ते मी समजू शकतो.

यंदा सिस्टरांच्या व्रतांना पन्नास वर्षं झाली. आमच्या बस्त्यांवने सुवर्णमहोत्सव करायचं ठरवलं. बस्त्यांव म्हणजे तीन होमस्टे, एक स्कूबाची बोट आणि गावातल्या प्रत्येक समितीचं अध्यक्षपद. सिस्टरांनी त्याला पायरीवरूनच परत पाठवलं.

"माका नको. शालीक काय करू? हयसर थंडी खंय पडता?"

पण बस्त्यांव हार मानणारा नव्हे. त्याने इंटरनेटवर ते गाव शोधलं, तिथली माणसं शोधली, आणि एक दिवस धावत आला. बराका सापडला होता. मोठा माणूस झाला होता, ट्रकांचा धंदा होता, आणि समारंभात व्हिडिओवर बोलायला तयार होता.

सिस्टरांनी आधी त्याच्या चपला बघून घेतल्या. मग म्हणाल्या, "पाय दिसतले?"

"सगळा दिसतला, सिस्टर! येदो मोठो स्क्रीन लावतंय!"

"मगे कर."

मानपत्राचं काम माझ्याकडे आलं. मराठीच्या शिक्षकाला निवृत्तीनंतर गावाकडून मिळणारा हा एकमेव मान. मी गडग्यापाशी उभं राहून त्यांना मसुदा वाचून दाखवला. 'अनाथांची माउली' ऐकून त्या म्हणाल्या, "माउली कोण? माका बघून पोरा पळत." माउली खोडली. 'त्यागमूर्ती' आली. "त्याग कसलो? दोन वेळ जेवान मिळी." खोडली. शेवटी 'दीपस्तंभ' आला. सिस्टरांनी समुद्राकडे बोट केलं. "दीपस्तंभ थंय आसा. थंय बोटी तरी येतत." उरलं ते चार ओळींचं होतं, आणि खरं होतं. बस्त्यांवला ते मानपत्र वाटेना. त्याने मोबाइलकडून दुसरं लिहून घेतलं. त्यात माउली चार वेळा होती.

समारंभाच्या दिवशी हॉलबाहेर मोठा बॅनर लागला होता. मधोमध सिस्टर, भोवती आफ्रिकेतली पोरं.

"हे कोण?" सिस्टरांनी विचारलं.

"नेटवरची पोरा, सिस्टर. सिम्बॉलिक."

"पाय खंय ह्येंचे?"

बॅनरवर पोरं गुडघ्यांपर्यंतच होती. खालची जागा सौजन्याला गेली होती.

प्रमुख पाहुणे तेच, एके काळचे अनवाणी साहेब. आता पायांत चकचकीत बूट. त्यांनी कनवाळूपणावर भाषण केलं आणि ते बरंच लांबलं. मग शाल घालायला पुढे झाले, शाल सिस्टरांच्या पिनेत अडकली, पिन त्यांच्या बोटात घुसली आणि ते ओरडले. त्या संध्याकाळी मंचावरून निघालेला तेवढाच एक प्रामाणिक आवाज.

मग पडदा उजळला. समोर एक गोल, प्रसन्न चेहरा. कोट, टाय, मागे कचेरी. सिस्टर खुर्चीवरून उठल्या आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर तो छातीपर्यंतच होता. त्या मान वाकडी करून त्याच्या टेबलाखाली बघायचा प्रयत्न करत होत्या.

बराका इंग्रजीत बोलला. माणूस चांगला होता. मिशन नसतं तर मी जगलो नसतो, म्हणाला. सिस्टर हिल्डा आम्हाला आईसारख्या, म्हणाला. टेबलावरची काचेची बरणी उचलून त्याने कॅमेऱ्यासमोर धरली. गोळ्यांनी भरलेली. "त्यांच्या आठवणीसाठी मी ही कायम भरून ठेवतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला एक देतो." मग थोडा हसला. "आणखी एक सिस्टर होती, बारीकशी. तिच्याकडे पिन असायची. आम्ही तिला फार घाबरायचो. ती तुम्हीच का?"

बस्त्यांवने माइक घेतला. "ते म्हणतात, सिस्टर सिरिलांच्या मायेची ऊब आजही आठवते!"

टाळ्या पडल्या.

सिस्टर स्वाहिलीत काहीतरी म्हणाल्या. तीन-चारच शब्द. बराकाचं हसू जरा अडखळलं. त्याने मागे बघितलं, तिथं दोन कारकून उभे होते. मग तो परत हसला आणि मान हलवून नाही म्हणाला.

"सिस्टरांनी आशीर्वाद दिला," बस्त्यांवने सांगितलं. त्याला स्वाहिलीचं अक्षर येत नाही. मलाही येत नाही, पण सिस्टरांनी काय मागितलं ते मला कळलं होतं.

तेवढ्यात तिकडे बाहेर एक ट्रक हॉर्न वाजवू लागला. बराका माफी मागून उठला, मागच्या खिडकीपर्यंत गेला, तेवढ्यापुरता बुटांपर्यंत अख्खा दिसला, खिडकी लावली आणि परत येऊन बसला. पुढे दोन वाक्यं बोलला आणि चित्र गोठलं, तोंड उघडं असतानाच. बस्त्यांवने तत्परतेने कोळीनृत्य सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गडग्यावर कोपरं टेकून उभा राहिलो. शाल दोरीवर वाळत होती. सिस्टरांनी ती धुवून टाकली होती. त्या पायरीवर बसल्या होत्या.

"मास्तर, बघलंस काल?"

"काय, सिस्टर?"

"उटलो तो. खिडकी लावक."

"व्हय. बरो चाललो की."

त्यांनी तळवा पुढे धरला, पावलासारखा, आणि बोटांपाशी वाकवला. "चालताना बूट असो दुमडता. हयसर. उजवो दुमडलो तेचो." मग तोच हात ताठ ठेवून पायरीवर टेकवला, उचलला, टेकवला. "डावो दुमडणा नाय. आंगठो गेलो तेचो. बाजूचा बोट पण गेला आसतला."

माझ्याकडे शब्द कमी नसतात. सगळी हयात त्यांवरच काढली. मी म्हणालो, "पण चालता ना तो, सिस्टर. लंगडत तर नाय. येदो मोठो माणूस झालो."

"चालता."

"मगे?"

"आठ दिस मागलेलंय रे मिया."

आत दुसऱ्या एका सिस्टरांची प्रार्थना चालू होती. सिस्टर सिरिलांनी तिकडे लक्ष दिलं नाही. काही वेळाने माझ्याकडे, म्हणजे माझ्या पायांकडे, बघत म्हणाल्या, "ये हयसर. डावो पुढे कर."

मी गडगा ओलांडून गेलो आणि पायरीवर बसलो. माझ्या पायाला काहीही झालेलं नव्हतं, आणि हे त्यांच्याइतकं कुणाला दिसलं नसतं. त्यांनी तो गुडघ्यांत धरला. पिन खांद्यावरून काढली नाही. माझा अंगठा मुठीत धरून त्या नुसत्या बसून राहिल्या.

मी पाय हलवला नाही.