बावीस डिग्रीचे उत्तमभाऊ

उत्तमभाऊ कुणाच्या घरी पहिल्यांदा गेले की चपला काढतात, राम राम करतात, पेलाभर पाणी पितात आणि मग मेन स्विच कुठे आहे ते विचारून तो खाली पाडतात.

भांडण वगैरे काही नसतं. त्यांना फक्त बघायचं असतं. पंखा थांबतो, फ्रिज गप्प होतो, आतून पोरं "टीव्ही गेला" म्हणून ओरडतात आणि उत्तमभाऊ मनगटाकडे बघत सेकंद मोजत असतात. घरात इन्व्हर्टर असला तर तो किती वेळात भार उचलतो ते कळतं. नसला तर यजमान किती वेळात चिडतो ते कळतं. मग स्वतःच स्विच वर करून म्हणतात, "सारं घर एका तारेवर उभं हाये बाप्पा तुमचं. एक चालू, एक तयार, असं पायजे."

हा त्यांचा मंत्र. खिशात दोन पेनं, घराला दोन कुलपं, दोन्ही हातांत एकेक घड्याळ. थोरल्या मुलाच्या लग्नात त्यांनी दोन भटजी बोलावले होते. पहिल्याचा गळा बसला तर काय, हा त्यांचा सवाल. पहिल्याचा गळा काही बसला नाही. दुसरे भटजी तीन तास मांडवात बसून राहिले, जेवले आणि गेले. उत्तमभाऊ त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले आणि परत येऊन समाधानानं म्हणाले, "कामी नाई पडला, हेच चांगलं झालं."

त्यांचं हे वेड कुठून आलं ते सांगायला आमच्या कंपनीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. वाशीमच्या बाहेर आमचं एक छोटं डेटा सेंटर आहे. आसपासचे दवाखाने, शाळा, दुकानं यांची सगळी माहिती ज्या मशिनींवर राहते, त्या मशिनी इथे एका बंद खोलीत, लोखंडी कपाटांत एकीवर एक रचून ठेवल्या आहेत. त्या कधी बंद करायच्या नसतात आणि सतत चालल्या की तापतात. त्यांची वीज क्षणभरही जाऊ द्यायची नाही आणि खोली बावीस डिग्रीच्या वर चढू द्यायची नाही, हे उत्तमभाऊंचं काम. बॅटऱ्या, जनरेटर, एसी, सगळं त्यांच्या ताब्यात. मी त्या मशिनींच्या आतलं बघतो. म्हणजे खुर्चीत बसून बघतो, हेही कबूल करून टाकतो.

गावात आमच्या कंपनीला 'बर्फाची कंपनी' म्हणतात, त्यालाही कारण उत्तमभाऊच. मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना, हा माणूस स्वेटर आणि कानटोपी घालून टपरीवर चहाला येतो. काढायचा कंटाळा म्हणून नाही. परत आत जायचंय ना, मग कशाला काढायचा, असं म्हणतो.

मूळचे हे मळेवाले. पालक, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून वाशीमच्या बाजारात आणणारं घराणं. अजूनही खोलीत शिरले की आधी हवेचा वास घेतात, मग तापमानाच्या मीटरकडे बघतात. मला एकदा म्हणाले, "भाजी अन् मशीन सारखीच. गरम झाली का मान टाकते. फरक इतलाच का भाजीवर पाणी मारलं तर उठते, अन् मशीनवर मारलं तर मरते."

दुसरा नियम हवेचा. मशीन पुढून गार हवा घेते आणि मागून गरम सोडते, तेव्हा या दोन हवांची भेट होऊ द्यायची नाही. खोलीत ते ठीक आहे. पण भाऊ लग्नाच्या पंगतीतही उठून कूलर फिरवतात. एकदा त्यांनी फिरवलेल्या कूलरनं नवरीकडच्या अख्ख्या रांगेच्या पत्रावळी उडवल्या. भाऊ शांत होते. घाम कुणाला आला नाही, हे त्यांनी आम्हाला दोनदा दाखवून दिलं.

एवढं सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण भाऊंची मुलगी सुवर्णा लग्नाची झाली आणि हे वेड तिच्या मुळावर आलं.

स्थळ आलं की बाप मुलाचं शिक्षण विचारतो, शेती विचारतो, व्यसन विचारतो. भाऊ सरळ मुलाच्या घरी जायचे आणि म्हणायचे, "पोरगं मंग पाहू. पैले सैपाकघर दाखवा." तिथे खिशातून मीटर काढून चुलीपासून हातभर अंतरावर धरायचे. तेही दुपारी दोन वाजता. सकाळी कोणतंही घर गारच असतं, भार पडतो तेव्हा बघावं, असा त्यांचा हिशेब. अशी तीन स्थळं त्यांनी मोडली. एक अनसिंगचं, दोन वाशीमातली. एका मुलाला बागायत होती, एकाला सरकारी नोकरी. भाऊंनी सांगितलं, "एकेचाळीस डिग्री. नाई जमत." लोक म्हणायला लागले, बापालाच मुलगी द्यायची नाही.

चौथं स्थळ कारंज्याचं होतं आणि ते सुवर्णानंच आणलं होतं. नितीन तिच्याबरोबर फार्मसी शिकला होता, आता त्याचं स्वतःचं मेडिकल दुकान. वडील नाहीत, घरी फक्त आई. निघायच्या आदल्या दिवशी सुवर्णा माझ्याकडे आली.

"काका, तुमी जा बाबाच्या संग. मीटर काढू देऊ नोका त्याइले. हे स्थळ मोडलं तर मी दुसऱ्या कोनालेच हो म्हननार नाई."

हे सांगताना तिनं डोळे पुसले. मला खरोखर वाईट वाटलं. मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. कारंज्यात आमरसाचं जेवण असणार हाही एक विचार होता, खोटं कशाला बोलू.

उत्तमभाऊ, शेवंतावहिनी आणि मी एसटीनं निघालो. वहिनी म्हणजे भाऊंच्या बरोबर उलट. दिवसाला मोजून दहा शब्द. भाऊंनी ऊन कोणत्या बाजूनं येणार याचा अभ्यास करून वहिनींना सावलीच्या खिडकीत बसवलं, मला उन्हाच्या. वाटेत मी विषय काढला. "भाऊ, आज मीटर राहू द्या."

"आनलंच नाई," ते म्हणाले. मला एवढा आनंद झाला की विचारायची सोय नाही. मग त्यांनी वहिनींच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "दोन आनले."

नितीनच्या घरी पोचलो तेव्हा बरोबर दोन वाजले होते. नितीन देखणा आणि नम्र, त्याची आई सुमनबाई हसतमुख. पण घरात शिरल्याबरोबर काहीतरी विचित्र वाटलं. अंगाला सगळं चिकट चिकट. भिंत ओली. भाऊंनी नाक वर केलं, वास घेतला आणि सरळ स्वयंपाकघराकडे चालू लागले. मी मागे धावलो.

आत चार कूलर होते. मीटरवाल्या बापाची कीर्ती कारंज्यापर्यंत पोचली होती. तेव्हा या मायलेकांनी गल्लीतून तीन कूलर मागून आणले होते, घरचा एक जोडला होता, आणि पत्र्याच्या छपराच्या त्या इवल्याशा खोलीत चारी कोपऱ्यांतून काठोकाठ पाणी भरून सोडले होते. खिडकी घट्ट बंद, गारवा बाहेर जायला नको म्हणून. चौघांचं वारं एकमेकांच्या तोंडावर आदळत होतं. गॅसची ज्योत सारखी आडवी होत होती. सकाळी तळलेले पापड ताटात ओल्या रुमालासारखे पडले होते.

"पाहा ना भाऊ, कसं गार हाये," सुमनबाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता.

भाऊंनी हात लांब केला आणि मेन स्विच खाली पाडला.

चारी कूलर थांबले. पाणी टपटपायचं थांबलं आणि मग पत्र्याची धग खाली उतरली. मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी तापलोय, पण असा वाफेवर शिजलो नव्हतो. भाऊंनी वहिनींच्या पिशवीतून मीटर काढलं. मी डोळे मिटून घेतले. माझा फोन वाजला, सुवर्णाचा होता, तो मी कापला.

"बेचाळीस," भाऊ म्हणाले. "अन् हवा ओली. तब्येतीले हे बेचाळीसाच्याही वरचं."

नितीनचा चेहरा पडला. सुमनबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "भाऊ, आता खोटं कायले बोलू. गल्लीतले कूलर हायेत हे. मी तीस वर्सं याच टिनाखाली सैपाक करून राह्यली. गरम तर होतेच. पन पोट्टा माहा चांगला हाये. त्याले माह्या टिनापायी नाई म्हनू नोका."

"तीस वर्सं?" भाऊ म्हणाले.

"हो ना."

"कधी भवंड आली काय? डोयापुढं अंधारी?"

सुमनबाई थोड्या गोंधळल्या. मुलगा बघायचा सोडून हा माणूस आपली तब्येत का विचारतोय ते त्यांना कळेना. "येतेच ना उन्हायात. पानी पेते, बसते घडीभर, मंग उठते."

"उठते," भाऊ म्हणाले. त्यांनी कोपऱ्यातली शिडी ओढली, वर चढले आणि पत्र्याला मीटर लावून उभे राहिले. पाठ आमच्याकडे. मग पत्र्याकडेच तोंड करून बोलू लागले.

"पाच वर्सं झाले असतीन. असाच मे. आमच्या खोलीतले दोनी एसी बसायले आले होते. तीन घंटे मी बाहेरच्या युनिटवर पाइपानं पानी मारून राह्यलो. एक मशीन बंद पडू देली नाई. सायबानं पाठ थोपटली."

मला तो दिवस लख्ख आठवला. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. कुणीतरी जिलेबी आणली होती. भाऊ मात्र ती न खाताच घाईनं निघून गेले होते आणि मग चार दिवस आले नव्हते. दमले असतील, असं म्हणून मी त्यांच्या वाटणीचीही खाल्ली होती.

"फोन बाहेर कपाटात होता माहा. इकडं ही सैपाकघरात पडली होती. शेजारच्याइनं उचलून दवाखान्यात नेली. मी पोचलो तवा सलाईन चालू. डाक्टर म्हने, ऊन लागलं. म्या म्हनलं, घरात कसं लागन ऊन?" ते थांबले. "माह्या खोलीत बावीस होतं. बरोब्बर बावीस. घरात किती होतं, मले मालूमच नोतं. म्या कधी मोजलंच नोतं."

इतकी वर्षं मी या माणसाला हसत आलो होतो. मला स्वतःची लाज वाटली, अगदी सरळ लाज वाटली.

तेवढ्यात शेवंतावहिनी शिडीपाशी गेल्या. त्यांनी शिडीचा पाय धरला आणि वर बघून म्हणाल्या, "अवो, मी मेली नाई ना त्या दिवशी. जित्ती हाये. इथं उभी हाये. आता उतरा खाली, लोकाइच्या घरात हाओ आपन."

भाऊ उतरले. एकेक पायरी, दमलेल्या माणसासारखे. खाली आल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सुमनबाईंकडे वळले.

"हा टिन पांढरा करा लागते, चुना मारून. अन् ती खिडकी उघडा, समोरच्या भिंतीले वर झरोका पाडा. गरम हवेले जाले वाट पायजे. कूलर ज्याचे त्याले देऊन टाका. पुढच्या रविवारी मी येतो मिस्त्री घेऊन."

"मंजे?" नितीननं घाबरत विचारलं. "स्थळाचं काय?"

"स्थळाचं?" भाऊंना जणू आत्ता आठवलं. "स्थळ पक्कं. पन माही पोट्टी इथं येईन तवा येईन. या बाई तर उद्याही सैपाक करतीन ना? चुना त्याइच्यासाठी."

सुमनबाई मटकन पाटावर बसल्या आणि हसायला लागल्या. मग रडायला लागल्या. मग दोन्ही. नितीन साखर शोधत होता आणि डबा हातात असून त्याला सापडत नव्हती. मी बाहेर ओसरीवर आलो आणि सुवर्णाला फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तिनं उचलला. "पक्कं झालं," मी म्हणालो. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला, लांबलचक, आदल्या दिवसापासून धरून ठेवलेला असावा तसा. खरं सांगायचं तर माझाही तेव्हाच सुटला.

जेवायला ओसरीवरच बसलो. निंबाची सावली होती आणि आमरस होता. पापड मऊ होते, ते आम्ही पोळीसारखे गुंडाळून खाल्ले. भाऊ माझ्या शेजारी, वहिनी समोर सुमनबाईंजवळ. अर्धं जेवण झाल्यावर भाऊंचा हात थांबला. चारचौघांत बायकोशी बोलायची त्यांच्या पिढीला सवय नाही. त्यांनी दोनदा घसा साफ केला.

"तुले गरम होऊन राह्यलं काय?"

मीटर त्यांच्या खिशातच होतं. त्यांनी ते काढलं नाही, वहिनींच्या तोंडाकडे बघत राहिले. वहिनी लाजल्या आणि पदर सावरत म्हणाल्या, "होऊन राह्यलं ना. मे महिना हाये. सगळ्याइलेच होते. तुमी रस घ्या."

भाऊंनी रस घेतला.