दिनूकाकांचा उपप्रश्न

आमच्या शेजारचे दिनूकाका कुणालाही साधा प्रश्न विचारत नाहीत. दारावर मासे घेऊन येणाऱ्या शेवंतीला ते म्हणतात, "सदर बांगडा कालचा आहे, हे खरे आहे काय? असल्यास, भाव कमी न करण्याची कारणे काय?"

शेवंतीही आता तयार झाली आहे. टोपली उतरवत ती म्हणते, "अंशतः खरा हाय, काका. बर्फातला हाय, पण आजचाच हाय."

काका हायस्कुलात भूगोल शिकवायचे. निवृत्त झाले, काकी गेल्या, मुलगा ठाण्याला राहिला, आणि काकांना मोबाइलवर विधानसभेचा प्रश्नोत्तराचा तास सापडला. अधिवेशन सुरू झालं की काका लवकर आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ओटीवर ताठ बसतात. मंत्री म्हणाले, "माहिती घेण्याचे काम सुरू आहे," की काका मांडीवर थाप मारतात, "पळवाट." गोंधळात कामकाज तहकूब झालं तर दिवसभर आंब्याच्या कलमांना पाणी घालताना पुटपुटत राहतात.

एकदा त्यांनी आमच्या ह्यांना दोन आवारांमधल्या दगडी गडग्यापाशी गाठलं. "आमच्या आवारात आलेली फणसाची फांदी तोडण्याबाबत कोणती कार्यवाही केली?" फांदी आदल्याच दिवशी वाऱ्याने पडली होती. हे म्हणाले, "प्रश्न उद्भवत नाही." काका इतके खूश झाले की चहाला घेऊन गेले.

पण साकवाच्या बाबतीत काका चेष्टा करत नसत. आमच्या गावामागून पऱ्या, म्हणजे ओढा, वाहतो, पलीकडे एक वाडी आहे. त्यावरचा जुना साकव, पायी जायचा छोटा पूल, पुरात वाहून गेला. नव्याचे दोन खांब उभे राहिले आणि काम थांबलं. वाडीत गाडी जात नाही. उन्हाळ्यात माणसं दगडांवरून येत, पावसात रानातून लांबचा वळसा घालून.

काका जयगडच्या एस्टीने रत्नागिरीला आमदारांच्या कार्यालयात जाऊन बसू लागले. त्यांना पाहिलं की आमदारांचा पीए चहाला म्हणून उठायचा. शेवटी आमदारच कंटाळून म्हणाले, "मास्तर, प्रश्न तुम्हीच लिहून द्या. मी विचारतो."

तो प्रश्न सभागृहात आला त्या दिवशी आम्ही सगळे काकांच्या ओटीवर जमलो. आमदार उठले. मंत्री म्हणाले, "हे खरे आहे. काम प्रगतिपथावर आहे." आमदार खाली बसू लागले. काका मात्र उठून उभे राहिले.

"बसू नका. उपप्रश्न विचारा," त्यांनी मोबाइलला वर्गातल्या आवाजात सांगितलं.

नशिबाने आमदारही पुन्हा उठले. "अध्यक्ष महोदय, त्या दोन खांबांवर सध्या कावळे बसतात. प्रगती ती एवढीच. माणसं कधी जाणार?"

सभागृह हसलं. मंत्रीही हसले आणि पावसाळ्याआधी काम पूर्ण करू म्हणाले.

काका हळूच खाली बसले. "कावळे माझे," ते मला म्हणाले.

आणि साकव खरोखरच झाला. उद्घाटनाला आमदार आले, फीत बांधली, नारळ आला. आमदारांनी विचारलं, "मास्तर कुठायत?" आम्ही इकडेतिकडे पाहिलं, तर काका पलीकडच्या टोकावरून येत होते. त्यांच्या दंडाला धरून एक वाकलेली म्हातारी एकेक पाऊल टाकत होती.

ती त्यांची थोरली बहीण, आक्का. आई लवकर गेल्यावर काकांना तिनेच वाढवलं. लग्न होऊन ती पऱ्यापलीकडे गेली. साकव वाहून गेला तेव्हा तिचे गुडघेही गेले होते. दगडांवरून तिला उतरता येईना. पावसात काकांनाही जाता येत नसे, आणि तिला फोनवर ऐकू येत नसे. हे काकांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, आमदारांनाही नाही.

आमदारांनी घाईघाईने फीत कापली आणि बाजूला सरकून तिला वाट दिली.

काकांच्या घरी आल्यावर आक्काने ओटीचे खांब चाचपले, देवाला हात जोडले आणि ती थेट स्वयंपाकघरात गेली. मी चहा टाकत होते. पालथी घातलेली एक वाटी, एक ताट. तिने ती वाटी उचलून पाहिली.

"दिन्या, एकटाच जेवतोस?"

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. मग मांडणीवरचं दुसरं ताट काढून ते धुवायला लागले.

"आज नाही," ते म्हणाले.