जावईबापूंचा मुक्काम

शुक्रवार पेठेतल्या स्वतःच्याच घरात सोमलिंगअण्णा चोरासारखे चवड्यांवर चालत होते. आतल्या खोलीत जावयाची मीटिंग चालू होती.

जावई विरेश दिवाळीला पुण्याहून आठ दिवसांसाठी आला होता. नवव्या दिवशी म्हणाला, "मामा, ऑफिसचं काम आता इथूनच करतो. सुट्टीला गाणगापूर, विजापूर फिरू. आमच्यात सगळे असंच करतात."

त्याला सव्वा महिना झाला. अण्णांची खोली गेली, पलंग गेला, टीव्हीचा आवाज गेला. मीटिंग असली की पत्नी शरणम्मा कुकरसुद्धा लावायच्या नाहीत. जेवायला दोन वाजायचे.

"तू सांग की त्यास्नी," अण्णा बायकोला म्हणाले.

"मी? जावयाला जा म्हणू? लेकीला काय तोंड दाखवू?"

शेवटी अण्णांनी श्रीपूरच्या साखर कारखान्यातल्या जुन्या मित्राला, धोंडप्पाला, गळ घातली. "जावयाला अशी नोकरी बघ, जिथं रोज जावंच लागतं."

आज मात्र ते दाराला कान लावून उभे होते. लेक काव्या सकाळीच म्हणाली होती, "अप्पा, ह्यांना पुण्याला बोलवायचं का नाही, ते साहेब आज ठरवणार."

आतून साहेबांचा आवाज आला. "विरेश, फार झालं. सोमवारी ऑफिसात दिसला पाहिजेस."

"सर, पण..."

"पण नाही नि बिण नाही."

अण्णांनी डोळे मिटून सिद्धरामेश्वराला हात जोडले.

तेवढ्यात धोंडप्पा धाडधाड जिना चढून आला. त्याला बाराची एसटी गाठायची होती. अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं, मान हलवली, त्याचा सदरा धरला. धोंडप्पानं त्यांना बाजूला सारून दार उघडलं.

"जावईबापू, काम फत्ते! काट्यावर उसाच्या गाड्यांचं वजन लिहायचं. सोमवारी हजर व्हा, कारखान्याची सही झालीय!"

लॅपटॉपमधून साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "विरेश, दुसरीकडं बघितलंस? अरे, आधी बोलायचंस ना. प्रोजेक्ट अर्ध्यावर आहे. हे बघ, पुण्याला येऊ नकोस. तिथूनच कर. वर्षभर कर."

विरेश बाहेर आला तो अण्णांच्या पायांवरच वाकला. "मामा, माझ्यासाठी केवढी युक्ती केलीत!"

अण्णांनी कसाबसा आशीर्वाद दिला आणि धोंडप्पाला जिन्यातच गाठलं.

"धोंड्या, ती काट्यावरची जागा... वयाची अट हाय का रं?"