पंखावरचं वाळवण

रंग वाळला का ते बघायला श्रेया अंगणात आली आणि उंबऱ्यातच थबकली. शर्यतीच्या गाडीचा मागचा पंख तिनं सकाळी निळ्या रंगानं रंगवून उन्हात ठेवला होता. त्यावर आता पिवळे सांडगे होते. ओळीला ओळ लागून, अंतराला अंतर राखून, निळ्या लुगड्यावर कुणी हौसेनं बुट्टी काढावी तसे. पंखाशेजारी पाटावर बसून द्वारकाकाकी शेवटची ओळ घालत होती आणि आपल्याच नादात गुणगुणत होती,

"पयला माझा सांडगा, उन्हाच्या गं वाटे,
वाऱ्याच्या लेकीला लागू नये काटे."

"काकी, हे काय केलंस?"

"सांडगं. दिसंना व्हय तुला?"

"पण हितं?"

"मग कुठं? बाजंवर कोंबड्या चढत्यात, पत्र्यावर मांजर लोळतंय. ही फळी बरी. उंच हाय, गुळगुळीत हाय, उनानं तव्यागत तापलीया. दोन दिसात खडखडीत वाळत्यात बघ."

गाडी वेगात असताना वाऱ्यानं तिला जमिनीशी दाबून धरावं म्हणून पाठीमागं ही बाकदार फळी बसवायची होती. तिचा बाक ठरवायला श्रेयानं अख्खा हिवाळा घातला होता. तिनं एक सांडगा हलकेच उचलून पाहिला. तो हलला नाही. वैशाखाच्या उन्हात रंग मऊ झाला होता आणि सांडग्यांनी त्यात आपलं बूड रोवलं होतं. नखानं खरवडलं तर रंगाचा पापुद्राच वर आला.

तिचा धाकटा भाऊ ऋषिराज गाडी चालवायचा. तो धावत आला, बघितलं आणि खाली बसला. "ताई, शर्यत आयतवारी हाय. पुन्ना रंग काढून रंगवायचं म्हनलं तर गाडी बसून ऱ्हाईल."

"मग वरनंच निळा मारू."

"अन्नावर रंग मारतीस व्हय गं?" काकीनं पळी उगारली. "हात लावून बघ."

काकी ही श्रेयाच्या वडलांच्या, हिंदुरावांच्या, थोरल्या भावाची बायको. अंथुर्ण्याच्या त्या घरात तिच्या शब्दापुढं खुद्द हिंदुरावही जात नसत. सांडगे राहिले.

आणि हिंदुराव तर आधीच टपून बसले होते. विहिरीजवळची त्यांची पत्र्याची शेड दोन वर्षं या गाडीनं अडवली होती. त्या दोन्ही वर्षी सुप्याच्या माळावरची शर्यत शेजारच्या निमगाव केतकी गावच्या पोरांनी मारली होती. यंदा त्यांनी जेवता जेवता एवढंच सांगितलं होतं, "औंदा हरलासा तर शेडात म्हशी. मी काय वराडत न्हाय. म्हशी आपल्या आपण चालत येतील." शेड गेली की गाडी गेली, हे श्रेयाला न सांगता कळलं होतं.

निमगावच्या पोरांचा म्होरक्या अविराज. त्याची नि श्रेयाची जुनी उसनवारी होती. शेजारणी जशी साखर, चहापत्ती नेतात, तशा या दोघांनी एकमेकांच्या कल्पना नेल्या होत्या, फक्त न विचारता. अंथुर्ण्याच्या गाडीचं निमुळतं नाक पुढच्या वर्षी निमगावला उगवलं. निमगावच्या गाडीचे बाजूचे पडदे त्याच्या पुढच्या वर्षी अंथुर्ण्यात दिसले. पंखाची गोष्ट मात्र श्रेयानं गोधडीखाली झाकून ठेवली होती.

नेमका त्याच दिवशी संध्याकाळी अविराज पाना मागायला आला. निमगावात पाने मिळत नाहीत असं त्यानं अगदी सरळ चेहऱ्यानं सांगितलं. पाना राहिला बाजूला, त्याची नजर पंखावर गेली ती तिथंच चिकटली.

"ह्ये काय गं?"

श्रेयाचे कान तापले. काकीनं सांडगे घातलेत म्हणावं, तर निमगावच्या पारावर महिनाभर हसू. तिला कुठंतरी वाचलेलं आठवलं. "उंचवटे हायत ते. वारा पंखावरनं लौकर सुटू नये, बाक धरून चिकटून जावा, म्हणून."

"असं व्हय," अविराज म्हणाला. "आन पिवळं का?"

"निळ्यावर उठून दिसतंय."

अविराजनं मान डोलावली, फोन कानाला लावल्यासारखा केला आणि 'हॅलो, हॅलो' म्हणत फोटो काढत पंखाभोवती एक प्रदक्षिणा घातली. पाना घेतलाच नाही.

रविवारी सुप्याचा माळ माणसांनी फुलला. ट्रॉल्यांवर माणसं, भजीच्या गाड्यावर माणसं, बाभळीच्या फांदीवरसुद्धा माणसं. काकी नवं लुगडं नेसून आली होती. हिंदुराव 'सहज' आले होते.

शर्यतीआधी गाड्या तपासायला सावळारामतात्या होते. एका मोटारीच्या कारखान्यात सगळी हयात गाड्या तपासून ते निवृत्त झाले होते आणि आता जावयाची फटफटीही तपासल्याशिवाय अंगणात येऊ देत नव्हते. त्यांनी निमगावच्या गाडीवरचं कापड ओढलं. तांबडा पंख आणि त्यावर पिवळे उंचवटे. तेवढेच, तसेच, ओळीला ओळ लागून. एका कडेला काकीचा हात थकला होता आणि ओळ जराशी वाकडी गेली होती. तीसुद्धा तशीच वाकडी.

तात्यांनी चष्मा पुसला. "नियम ठाऊक हाय न्हवं? दोन गाड्यांची रचना तंतोतंत सारखी निघाली, तर ज्याची मूळ कल्पना तो पळंल. दुसरा घरी. बोला, कुणाची?"

"माझी," अविराज म्हणाला.

"माझी," श्रेयाही म्हणाली, पण तात्यांकडं न बघता.

"मग समजावून सांगा मला."

आणि अविराज सुटला. चार दिवसांत त्यानं खरंच अभ्यास केला होता. उदबत्तीचा धूर पंखावर सोडून काढलेला व्हिडिओ त्यानं दाखवला. उंचवट्यांमुळं धूर पंखाला कसा बिलगून जातो, वळणावर मागची चाकं कशी रुततात, सगळं पाठ. वाकड्या ओळीचंही कारण त्याच्यापाशी होतं. "डाव्या वळणाला वारा तिरका येतो, तात्या. म्हणून ती मुद्दाम तिरकी."

श्रेयाला स्वतःला हे काही ठाऊक नव्हतं. ती तोंडात बोट घालून ऐकत राहिली. तात्यांचा हात शिट्टीकडं गेला. शेडात शिरणाऱ्या म्हशी तिला एकामागून एक दिसायला लागल्या.

"एक ऱ्हायलं," तात्या म्हणाले. "ह्ये उंचवटे कशाचे?"

"एम-सील," अविराज म्हणाला.

"तुझे?"

श्रेया जमिनीकडं बघत होती. गर्दीतून काकी पुढं आली. "मटकीची डाळ, कोहळा, लसूण, मिरची, वाईच हिंग. रातभर भिजवून जाडसर वाटायची."

तात्यांनी निळ्या पंखाला नाक लावलं.

"सांडगं हायत?" तात्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"मग काय गारगोट्या? त्वांडानं कशाला सांगू, तळूनच दावते."

तिनं भजीवाल्याची सुरी मागून घेतली, एक सांडगा रंगाला न लागू देता वरच्या वर कापला आणि त्याच्याच कढईत सोडला. तो तेलात डुबला, वर आला, फुलला. तात्यांनी तो फुंकर घालून तोंडात टाकला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"मूळ कल्पना अंथुर्ण्याची," ते म्हणाले. "पर खात्री कराया आनिक एक लागंल."

मग खात्री करणारे वाढले. शिट्टीवाल्यानं एक खाल्ला, झेंडेवाल्यानं दोन. ट्रॉलीवरची माणसं उतरली. काकी कापत गेली, भजीवाला तळत गेला, आणि ज्या ओळी काकीनं उन्हाच्या वाटेनं घातल्या होत्या त्या माणसांच्या वाटेनं गेल्या.

अविराज मात्र आपल्या गाडीचं कापड गुंडाळत होता. श्रेयानं त्याच्याकडं पाहिलं आणि तिला राहवलं नाही. "तात्या, त्याला घालवू नका. माझी कसली कल्पना, आमच्या काकीनं वाळवण घातलं होतं. लाज वाटली म्हणून मी त्याला वाऱ्याची थाप मारली. अभ्यास त्यानंच केलाय."

"थाप?" अविराजनं मान वर केली. "अगं, पर धूर चिकटतोय की खरंच."

तात्या अडचणीत आले. ते पुन्हा पंखांकडं वळले आणि त्यांची चर्या उजळली. निळ्या पंखावर उंचवटा असा एकही उरला नव्हता, नुसते पिवळे ठिपके. "हितं आता सारखं काय ऱ्हायलंय? एक उंचवट्याची, एक बिनउंचवट्याची. पळवा दोनी."

शिट्टी झाली. दोन्ही गाड्या धुरळ्याचा फेटा उडवत सुटल्या. सरळ वाटेवर ऋषिराज पुढं होता, चांगला दोन हात पुढं. सगळी ट्रॉली उभी राहिली. निळी गाडी अशी चालली होती जशी पाटाच्या पाण्यावरून पाकोळी. काकी लुगड्याचा पदर खोचून बाजूनं पळायला लागली. मग डावं वळण आलं. ऋषिराजची मागची चाकं वाईच सरकली, अगदी वाईच. निमगावची तांबडी गाडी मात्र गोचिडासारखी भुईला धरून वळली, आतून निघाली आणि एका नाकानं पुढं गेली. तेही नाक मुळात अंथुर्ण्याचंच.

अविराज उतरून थेट श्रेयाकडं आला. "तुझी थाप खरी निघाली की गं."

श्रेयाला हसू आलं आणि डोळ्यात पाणीही. तिनं हळूच हिंदुरावांकडं पाहिलं. ते कंबरेवर हात देऊन निमगावच्या पंखाकडं बघत होते, एकटक.

"आबा," ती म्हणाली, "उद्या शेड मोकळी करते."

हिंदुरावांनी जीपची किल्ली काढली. जीप परतीच्या वाटेला लागली. अंथुर्ण्याचा फाटा आल्यावर ते मागं वळले. "म्हंजी आमच्या घरचा सांडगा, आमच्या वैनीच्या हातची ओळ, आन कप निमगावला?"

"एका नाकानंच गेली, भावजी," काकी म्हणाली.

"नाकाचं बी सांगू नका मला. वैनी, अजून काय काय घालायचं ऱ्हायलंय औंदा?"

"कुरडया हायत. पापड हायत. का?"

"समदं शेडात घालायचं. गाडीवरच. आन दाराला कुलूप. पाना मागाया कोन आलं तर म्या हाय."

"अवो, पर वाळवनाला ऊन लागतंय. शेडात कुठलं आलंय ऊन?"

हिंदुरावांनी यावर रात्रभर विचार केला असावा. सकाळी श्रेया चहा घेऊन विहिरीकडं गेली, तेव्हा ते शिडी लावून शेडच्या माथ्यावर बसले होते आणि एकेक पत्रा उचकटून खाली ऋषिराजच्या हातात देत होते. लिंबाखाली बांधलेल्या म्हशी रवंथ थांबवून वर बघत होत्या.