लिन-सानच्या डब्यातली एक फुली

आमचे शेजारी लिन-सान दरवर्षी टोकियोतल्या आमच्या ओजिमात तैवानची निवडणूक घेत. खरी नव्हे हो, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात! नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही सगळे रहिवासी इमारतीभोवतीचं गवत काढायचो. मग प्रत्येकाला चहाची बाटली मिळायची. पण बाटल्यांच्या खोक्यावर लिन-सान ठाण मांडून बसलेले. "आधी मत, मग चहा!"

प्रश्न एकच. तैवान वेगळा देश व्हावा का? हो तर गोल, नाही तर फुली. मतदान गुप्त, म्हणून आडोशाला उघडी छत्री.

"सरकार आमचं, पोलीस आमचे, पोस्टाची तिकिटंसुद्धा आमची," ते बोटांवर मोजत सांगत. "आणि माझ्या इथल्या जुन्या रहिवासी कार्डावर देश काय लिहिलाय? चीन!" कार्डावरच्या त्या शब्दावर त्यांनी पांढरी चिकटपट्टी लावलेली. माझं जपानी मोडकंतोडकं, पण एवढं मला पहिल्याच वर्षी पाठ झालं.

मंदार, म्हणजे आमचे सॉफ्टवेअरवाले यजमान, भलतेच घाबरट. "अगं, आपण परदेशी माणसं. राजकारणात पडलो तर व्हिसा जाईल!" म्हणून तो दरवर्षी कोरी चिठ्ठी टाकायचा. लिन-सान ती उजेडाकडे धरून कितीतरी वेळ बघत.

"अठरा गोल, एक कोरी," ते मोठ्याने वाचत आणि मग बायकोकडे डोळे वटारत, "आणि एक फुली!"

फुली लिन-काकूंची. त्या मतदानासाठी ठेवलेल्या पेन्सिलीला हात लावत नसत. पर्समधून भुवयांची तपकिरी पेन्सिल काढून ठसठशीत फुली मारत, म्हणजे कुणाला शंका नको. मी एकदा विचारलंच. त्या म्हणाल्या, "माझे बाबा समुद्रापलीकडचे, चीनमधले. परत जायची वाट बघत तैवानच्या बेटावरच वारले. त्यांचं गाव परदेश ठरवायला मी कशी हो म्हणू?"

"चाळीस वर्षं विरोधी पक्षाच्या हातचं जेवतोय," लिन-सान कुरकुरत. "एकदा, फक्त एकदा मला एकमताने जिंकू दे!"

"मी असेपर्यंत नाही," काकू म्हणत आणि शांतपणे अननसाचे केक वाटायला घेत.

काकू मार्चमध्ये गेल्या. आठ दिवसांचं दुखणं, बस. आम्हाला कचरा वेगळा करायला शिकवणारे लिन-सान कागदाच्या कचऱ्याच्या दिवशी रिकाम्या बाटल्या बाहेर ठेवायला लागले. मी गुपचूप त्या परत त्यांच्या दाराशी आणून ठेवायची. जिन्यात भेटले तर मान लववायचे, पण राजकारणाचा चकार शब्द नाही. मला फार वाईट वाटायचं.

नोव्हेंबरात डबा निघणार नाही असंच वाटलं होतं. पण निघाला! मग मी सकाळीच दारोदार फिरले. यंदा सगळ्यांनी गोल करायचा, म्हाताऱ्याची एवढी एक इच्छा पुरी होऊ दे. मंदारला तर दमच दिला, "कोरी टाकलीस तर आज जेवण नाही." बिचाऱ्याने गोल काढून मला दाखवलासुद्धा.

लिन-सान एकेक चिठ्ठी उघडत गेले. एकोणीस माणसं, एकोणीस गोल. मी टाळ्या वाजवायला हात उचलले, तेवढ्यात त्यांनी डब्यातून आणखी एक चिठ्ठी काढली.

"आणि एक फुली."

माझं डोकंच फिरलं. "कोण आहे तो मेला?" मी मराठीतच ओरडले. मंदारने दोन्ही हात वर केले. मग मला फुली दिसली. तपकिरी, ठसठशीत. लिन-सानच्या अंगठ्यालाही तोच रंग लागला होता.

सगळे पांगल्यावर मी छत्री मिटत म्हटलं, "लिन-सान, यंदा जिंकला होतात हो तुम्ही."

"ती नाही म्हणायला इथे नाही, म्हणून जिंकायचं?" ते म्हणाले. "ती लबाडी झाली."

त्यांनी खिशातून काकूंची पेन्सिल काढली. नखाएवढी उरली होती. "आणखी एक वर्ष पुरेल. मग काय करू?" एवढं म्हणून ते रडायला लागले. मीही रडले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन तशीच तपकिरी पेन्सिल शोधून आणली आणि त्यांच्या दाराच्या टपालाच्या फटीतून आत सोडली.