जुन्या मोटारीच्या टायमिंगची मोहीम आणि बाईसाहेबांचा अंगठा

पूर्वी थोर थोर मोहिमा जाहल्या आणि त्यांची वर्णने थोरांनी लिहिली. परंतु इंजिनाचे टायमिंग, म्हणजे ठिणगीची नेमकी वेळ, कोणी बसविले हे कोणी लिहून ठेविले नाही, कारण बसविणाऱ्यांचे हात काळे आणि कागद पांढरा. सबब ही हकीकत लिहिणे प्राप्त जाहले.

गल्लीच्या टोकास एक निवृत्त ग्रंथपाल राहत. गल्ली त्यांस रावसाहेब म्हणे. मुलूख म्हणाल तर एक गॅरेज. त्यांत तीर्थरूपांची मोटार अकरा वर्षे विटांवर बसून होती. जिच्या स्टिअरिंगचा रंग वडिलांच्या हातांनी झिजला ती मोटार आपल्या हयातीत धावावी, असे मनी धरून रावसाहेबांनी इंजिन खोलिले, आणि दोन वर्षे पुर्जा पुर्जा घासिला, आणि या धामधुमीत घरची मोठी परात रॉकेलात कामी आली, आणि मग इंजिन पुन्हा जोडिले. तेव्हा बाईसाहेबांचे, म्हणजे तीस वर्षे नर्स राहिलेल्या पत्नीचे, फर्मान सुटले: "रविवारी बाराला भंगारवाला येतोय. तोवर सुरू झाली तर तुमची, नाहीतर त्याची."

रविवारी सकाळी पावणेनऊस मोर्चे लागले. कुमकेस मेहुणे आले. त्यांस मोटारीचे ज्ञान अफाट, कारण त्यांनी मोटारीस कधी हात लाविला नव्हता. रावसाहेबांनी पिस्टन वर आल्याची पुलीवरची खूण मोटारीच्या पुस्तकाबरहुकूम जुळविली, आणि ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर बसविला, आणि चावी फिरविली. तोच कार्ब्युरेटरातून तोफेसारखा आवाज जाहला, आणि मेहुणे खुर्चीमागे दाखल जाहले, आणि तेथून मसलत देते जाहले की, "भाऊजी, डिस्ट्रिब्युटर जरा डावीकडे फिरवा!"

डावीकडे फिरविले, तोफ. उजवीकडे फिरविले, तोफ. मग पुन्हा डावीकडे. ऐसा तीन तासांचा पराक्रम जाहला, आणि रावसाहेब दरवेळी पुस्तक उघडून गर्जत की, "खूण बरोबर आहे!" खूण बरोबरच होती. पराभव होण्यास तेवढे पुरे होते.

पावणेबारास बाईसाहेब रणांगणी आल्या आणि पुसत्या जाहल्या, "अहो, एका ठिणगीमागे हा पिस्टन वर येतो किती वेळा?"

रावसाहेबांनी अडाण्यास समजावे तैसे समजाविले की, दोनदा; एकदा धूर बाहेर लोटण्यास आणि एकदा पेट्रोल-हवा दाबण्यास, आणि ठिणगी पडावी ती दाबण्याचे वेळी.

"आणि खूण?"

"ती दोन्ही वेळा जुळते."

"मग तुम्ही जुळवलीत ती कुठली?"

यावर रावसाहेबांनी तीन तासांत प्रथमच पुस्तक बाजूस ठेविले. त्यांचे कान लाल जाहले. त्यांनी ठिणगीचा पहिला प्लग काढिला, आणि बाईसाहेबांनी त्या भोकावर अंगठा ठेविला, आणि मेहुण्यांनी हँडल मारिले. खूण जुळली, अंगठ्यास काही नाही. आणखी एक फेरा मारिला, आणि खूण जुळू आली तोच फस्सकन हवा येऊन अंगठा उडाला.

"ही बघा! नाडी लागली!" बाईसाहेब म्हणाल्या.

म्हणजे तीन तास धूर निघण्याचे वेळी बत्ती दिली जात होती. मग रावसाहेबांनी डिस्ट्रिब्युटर उपसून अर्धा फेरा फिरवून बसविला, आणि प्लग लाविला, आणि चावी फिरविली. इंजिन दोनदा खोकले, आणि मग ऐसे एका लयीत चालले की रावसाहेबांचे डोळे भरून आले. धुरामुळे, असे त्यांचे म्हणणे.

बारास भंगारवाला आला, आणि दारी उभा राहून ऐकता जाहला, आणि "चालू गाडी मी नेत नाही," म्हणोन हातगाडी वळविता जाहला.

फत्तेची नोंद रावसाहेबांनी पुस्तकाच्या कोऱ्या पानी स्वहस्ते केली: 'टायमिंग बसविले. रावसाहेब. साहाय्य, मेहुणे.' बाईसाहेबांनी ती वाचिली, आणि शाई न मागता ऑइलने माखला अंगठा पानाच्या मधोमध दाबिला, आणि पुस्तक मिटून आत गेल्या.