सासूबाईंची गार आंघोळ

शनिवारी सकाळी चेमा ब्राकामोंतेने ठरवलं, की न्हाणीघरातल्या नळांवरच्या दोन टिकल्यांची अदलाबदल करायची. बाकी काही नाही. लाल टिकली निळीच्या जागी, निळी लालच्या जागी. दहा मिनिटांचं काम. (चेमाची दहा मिनिटं म्हणजे किती, ते त्याच्या बायकोला, ओफेलियाला, विचारावं. बाळ जन्मायच्या आधी तो पाळण्याचा एक स्क्रू आवळायला बसला होता. बाळ आता आठ महिन्यांचं आहे आणि अजून आईजवळच झोपतं.)

फिनिक्समध्ये जून लागला की जमिनीखालचे पाइप असे तापतात, की निळ्या नळाच्या पाण्यात चहापत्ती टाकायचीच काय ती बाकी असते. म्हणून आमच्या गल्लीत पहिल्याच आठवड्यात सगळे जण गिझर बंद करून टाकतात. गिझरची मोठी टाकी घरात सावलीला उभी. तिच्यातलं पाणी हळूहळू निवतं, आणि सप्टेंबरपर्यंत गार पाणी हवं असेल तर लाल नळ सोडायचा. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण चेमाच्या सासूबाई, एदुविहेस, राहायच्या वर डोंगरात, फ्लॅगस्टाफला. तिथं पाइनची झाडं, जूनमध्येही रात्री पांघरूण लागतं, आणि लाल म्हणजे गरम.

या सासूबाईंनी फोनवर सुनावलं होतं, "बाळाला घामोळ्या आल्यात म्हणे. मी येऊन बघते. माणसासारखं राहता येत असेल तर ठीक. नाहीतर ओफेलियाला आणि बाळाला सप्टेंबरपर्यंत घेऊन जाणार."

चेमा तसा बुजरा माणूस. बसच्या डेपोत खिडकीमागे बसून पासांवर शिक्के मारायचा, आणि लोक ओरडले तर त्यांचीच माफी मागायचा. पण बाळ नुकतंच त्याला बघून हसायला लागलं होतं. सप्टेंबरपर्यंत ते त्याला विसरलंच असतं. तेव्हा सासूबाईंना या शहरात एक खणखणीत गार आंघोळ घडवायची, असा त्याने पणच केला. आणि 'इथं नळसुद्धा उलटे चालतात' हे त्यांना कळू द्यायचं नाही. निळी टिकली बघून निळा नळ सोडतील, गार पाणी येईल, विषय संपला. ओफेलियालाही त्याने हे सांगितलं नाही. (ती हसली असती.)

टिकल्या बदलून, एक बोट कापून घेऊन, तो सासूबाईंना आणायला बसस्टँडवर गेला. परतताना सासूबाई त्याच्या हातांकडे बघतच राहिल्या. स्टिअरिंग तापलेलं म्हणून त्याने भट्टीतले ट्रे उचलायचे जाड हातमोजे घातले होते.

"जावईबापू, गाडी चालवताय की पाव भाजताय?"

"सवय होते, आई."

"तीच होऊ द्यायची नाहीये मला, माझ्या नातवाला!"

घर आलं. चेमा सामान उचलून आत गेला. (सामानात बाळासाठी लोकरीची एक जाडजूड रजई होती. फिनिक्सला. जूनमध्ये.) शेजारचे नेपोकाका बादलीत पाय सोडून ओट्यावर बसले होते. त्यांनी मोठ्या प्रेमाने सासूबाईंना हाक मारली, "बाई, आमच्याकडं एक ध्यानात ठेवा हं! गार पाणी लाल नळाला येतं!"

सासूबाई अशा जिंकल्यासारख्या आत आल्या, की चेमाला आधीच घाम फुटला. आणि त्या तडक आंघोळीला गेल्या.

चेमा दाराबाहेर कान लावून उभा राहिला. पाणी सुरू झालं. आणि मग,

"आई गं! भाजले!"

"काय झालं, आई?"

"लाल नळ सोडला!"

"लाल कशाला सोडलात? निळा सोडा!"

"मला येडी समजता काय? त्या म्हाताऱ्याने सांगितलंय, लाल!"

"त्यांचा लाल वेगळा! मी सकाळी टिकल्या बदलल्यात! आता निळाच गार आहे, शप्पथ!"

निळा नळ सुरू झाल्याचा आवाज. मग पहिल्यापेक्षाही मोठी किंकाळी.

ओफेलिया बाळाला कडेवर घेऊन धावत आली. "काय चाललंय?"

"टाकीचं पाणी गार असायला हवं! मी सकाळी हात घालून बघितलंय!"

"अरे, तू बसस्टँडवर गेलास तेव्हा मी गिझर लावला ना," ओफेलिया म्हणाली. "आई जन्मभर कढत पाण्याने आंघोळ करते. म्हटलं, तिला इथं परकं वाटायला नको."

"आता दोन्ही नळांना कढतच पाणी येतंय!"

"मग तू मला टिकल्यांचं का नाही सांगितलंस?"

"मग तू मला गिझरचं का नाही सांगितलंस?"

"तुमचं भांडण झालं," आतून आवाज आला, "की मला उकडलेल्या बटाट्यासारखी सोलून काढा. संध्याकाळची गाडी आहे माझी. ओफेलिया, बाळाचे कपडे भर!"

दुसरा कुणी असता तर खचला असता. चेमाने हातमोजे चढवले, कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि बर्फाच्या चार पिशव्या घेऊन निघाला. गाडीचा एसी कधीच मेलेला. बाहेर शेहेचाळीस डिग्री. घरी पोचल्या अडीच पिशव्या. उरलेल्या दीड त्याच्या विजारीत मुरल्या होत्या. त्याने तो बर्फ टबात टाकायला दारातून ओफेलियाच्या हाती दिला.

"पाणी कोमट झालंय," आतून निरोप आला.

तेव्हा चेमाला लोकरीची रजई दिसली. (त्याच्या आयुष्यातली ही एकमेव अक्कल, आणि तीही सासूबाईंच्या सामानातून आलेली.) ती घेऊन तो पुन्हा धावला. सहा पिशव्या रजईत गच्च गुंडाळल्या आणि तान्ह्या बाळाला आणावं तशा घरी आणल्या. नेपोकाका पायांसकट बादली घेऊन उठायच्या बेतात होते. "कोण आजारी आहे रे?"

"अजून कुणी नाही!" चेमा ओरडला.

सहाच्या सहा शाबूत पोचल्या. पाच टबात गेल्या, एक रजईत गुंडाळून बादलीत राहिली. थोड्या वेळाने आतून पाण्याचे छपछप आवाज आले. मग बाळाचं खिदळणं. आजीने नातवाला मांडीवर घेतलं होतं.

तासाभराने सासूबाई बाहेर आल्या. ओठ किंचित निळे, चेहरा तृप्त. बाळाच्या घामोळ्या चांगल्याच निवल्या होत्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षांत माझ्या आंघोळीसाठी कुणी साधं अंगण ओलांडलं नाही. ओफेलियाला मी नेत नाही. बाळालाही नाही."

चेमाने बाळाला घ्यायला हात पुढे केले.

"मीच राहते. सप्टेंबरपर्यंत."

चेमा न्हाणीघरात शिरला. बर्फाची एक पिशवी बादलीत शिल्लक होती, पण आपल्याच घरात बर्फ कशाला लागतो? ओफेलियाने मघाच गिझर बंद केला होता, हे त्याला नीट आठवत होतं. (गिझर बंद केल्यावर पाणी निवायला दोन दिवस लागतात, हे मात्र आठवलं नाही.) त्याने दोन्ही नळांकडे बघितलं, बोटांवर हिशेब केला आणि ठामपणे निळा सोडला.

त्याची आरोळी ऐकून बाहेर बाळ खदखदून हसलं. पाठोपाठ दारावर टकटक झाली.

"जावईबापू, तेवढ्या बर्फाला हात लावू नका हं. माझी सकाळची आंघोळ आहे."